गाडी, गाडा आणि बेर्लिनेत : शर्यतीसाठी पुनर्घडलेल्या वाहनाचा शब्दार्थविचार

'रॅलीच्या धर्तीवर पुनर्घडलेली विंटेज फ्रेंच स्पोर्ट्स मोटार' असे वर्णन अलीकडे वाहनविषयक लेखनात वारंवार आढळते. वाचणारास ते सुबोध वाटते. कारण त्यातील प्रत्येक शब्द कानावरून गेलेला असतो. परंतु या वर्णनाचे काटेकोर मराठी करावयास बसले म्हणजे अडचण जाणवू लागते. 'विंटेज' म्हणजे नुसते जुने काय? 'रॅली' म्हणजे मिरवणूक की शर्यत? 'पुनर्घडलेली' म्हणजे दुरुस्त केलेली, जीर्णोद्धार केलेली, की नव्यानेच घडविलेली? आणि जी वस्तू नव्याने घडविली, ती जुनी कशी म्हणावी? प्रस्तुत टिपणात या शब्दांचा क्रमाने विचार करावयाचा आहे. हा विचार केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा नाही. वस्तुसंग्रहालयातील नामपट्टी, परिवहन खात्याची नोंद आणि खरेदीविक्रीचा करार या तिन्ही ठिकाणी वस्तूचे मोल तिला दिलेल्या नावावरून ठरत असते, हे पुढे दिसून येईल.

१. वस्तूचे स्वरूप

शब्दांकडे वळण्यापूर्वी वस्तू पाहिली पाहिजे. या वर्गाचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे आल्पीन ए-११० ही मोटार होय. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील दिएप या गावचे झाँ रेदेले हे रेनो कंपनीच्या मोटारींचे विक्रेते होते. रेनोची चार-सीव्ही ही सामान्य कुटुंबासाठी बनविलेली लहानशी गाडी घेऊन त्यांनी शर्यतींत भाग घेतला आणि १९५४ साली आल्प्स पर्वतातील 'कूप दे-झाल्प' या स्पर्धेत आपल्या वर्गात यश मिळविले. पुढल्याच वर्षी, म्हणजे १९५५ साली, त्यांनी स्वतःची कंपनी स्थापन केली व त्या पर्वतस्पर्धेच्या स्मरणार्थ तिला 'आल्पीन' असे नाव दिले. ए-११० हा नमुना १९६२ साली पुढे आला आणि त्याचे उत्पादन १९७७ पर्यंत चालू राहिले.

या मोटारीची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. तिच्या मध्यभागी पोलादाची एक जाड नळी लांबवर गेलेली असून इंजिन, चाके व बैठका यांचा सर्व भार तीच पेलते. मराठीत या रचनेस 'कण्याची चासी' म्हणता येईल. बैलगाडीच्या आसालाही आपल्याकडे 'कणा' म्हणतात, तेव्हा हा शब्द सुताराला नवा वाटू नये. या कण्यावर काचतंतूंचे हलके कवच चिकटविलेले असते. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसविलेले असते व तीच चाके गाडीला रेटतात. भार आणि ओढ एकाच ठिकाणी आल्यामुळे बर्फाने निसरड्या झालेल्या किंवा सुट्या खडीच्या रस्त्यावरही चाके जमिनीस धरून राहतात. पावसाळ्यात भीमाशंकरच्या चढावर ज्याने रिकाम्या मालमोटारीची मागची चाके जागच्या जागी फिरताना पाहिली असतील, त्याला या योजनेचे मर्म वेगळे सांगावयास नको. उलटपक्षी, मागे जड झालेली गाडी वळणावर शेपूट फेकते. तिला आवरणे हे चालकाचे कौशल्य.

या गुणांच्या बळावर १९७१ साली ओवे अँडरसन यांनी मोन्ते-कार्लो रॅली जिंकली. १९७३ साली त्याच स्पर्धेत झाँ-क्लोद आंद्रुए यांच्या विजयासह पहिली तिन्ही स्थाने आल्पीनने मिळविली, आणि त्याच वर्षी प्रथमच भरविण्यात आलेल्या जागतिक रॅली अजिंक्यपदाचा उत्पादकांचा मानही तिलाच लाभला. तथापि कारखान्याने स्पर्धेसाठी सज्ज केलेल्या गाड्या थोड्या होत्या. बहुसंख्य गाड्या साध्या गिऱ्हाइकांनी रस्त्यावर चालविल्या. आज रॅलीच्या वेषात दिसणाऱ्या अनेक ए-११० गाड्या या दुसऱ्या वर्गातून आलेल्या आहेत. त्यांना नंतर अधिक शक्तीचे इंजिन, रुंद चाके व ती झाकणाऱ्या फुगीर कमानी, पुढे जादा दिव्यांची रांग, गाडी उलटल्यास छत खचू नये म्हणून आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, इंजिनाच्या पोटाखाली दगडाच्या माराविरुद्ध पत्रा, आणि सहचालकासमोर अंतर व वेळ मोजण्याची साधने देण्यात आली. 'रॅलीच्या धर्तीवर पुनर्घडण' याचा व्यावहारिक अर्थ एवढाच आहे.

२. गाडा आणि बेर्लिनेत

ए-११० ला फ्रेंच लोक 'बेर्लिनेत' म्हणतात. 'बेर्लीन' हे मुळात बर्लिन नगराच्या नावावरून आलेले एका घोडागाडीचे नाव. पुढे ते बंद छपराच्या चार दारांच्या मोटारीस लागले. त्यास लघुत्ववाचक स्त्रीलिंगी प्रत्यय जोडून 'बेर्लिनेत' झाले, म्हणजे 'छोटी बेर्लीन'. शर्यतीची गाडी हलकी व आटोपशीर असल्यामुळे लघुत्वाचा प्रत्यय तिला शोभतो, आणि त्यात थोडे कौतुकही आहे.

आता हीच प्रक्रिया मराठीत कशी घडली ते पाहू. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. घोडेगावाहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या मार्गावर शिनोली हे गाव आहे. तेथून जुन्नर, खेड, मावळपर्यंतचा सारा मुलूख बैलगाड्यांच्या शर्यतींचा आहे. शेतमाल वाहणारी जड बैलगाडी आणि शर्यतीत जुंपावयाचा हलका छकडा यांतील संबंध चार-सीव्ही व आल्पीन यांच्यातील संबंधाहून फारसा निराळा नाही. ओझे वाहण्यासाठी जे जे आवश्यक, ते ते शर्यतीसाठी अनावश्यक ठरते; भार कमी होतो व ओढ तेवढी राहते.

मराठीत लिंगभेदाने आकारभेद दाखविण्याची जुनी रीत आहे. सुरा-सुरी, दोर-दोरी, डबा-डबी, हातोडा-हातोडी या जोड्यांत पुल्लिंगी रूप मोठ्या वस्तूचे व स्त्रीलिंगी रूप लहान वस्तूचे वाचक आहे. या नियमाप्रमाणे 'गाडा' म्हणजे मोठी, जड गाडी. 'संसाराचा गाडा ओढणे' या वाक्प्रचारात हाच जडपणा अभिप्रेत आहे. मग शर्यतीत धावणाऱ्या सर्वांत हलक्या वाहनास 'गाडी' न म्हणता 'गाडा' का म्हणावे? शर्यतीस 'बैलगाडा शर्यत', मालकास 'गाडामालक', आणि धाव सुरू झाली की 'गाडा सुटला', असाच प्रयोग या भागात रूढ आहे.

याचे उत्तर असे दिसते की 'गाडा' या शब्दाने येथे वाहनाचा आकार सांगितला जात नाही. वाहनाला स्वतःचे वेगळे नाव आहे, ते 'छकडा'. संस्कृत 'शकट' शब्दाच्या कुळातील हा शब्द होय. 'गाडा' म्हणजे छकडा, त्याला जुंपलेले बैल, पुढे धावणारी घोडी व तिच्यावरील स्वार, आणि या सर्वांच्या मागे उभे असलेले मालकाचे घर किंवा गाव, असा एक समुच्चय. पुल्लिंगी रूपातील मोठेपणा आकाराकडून प्रतिष्ठेकडे सरकला आहे. फ्रेंचमध्येही हा समुच्चय दाखविण्यासाठी वेगळा शब्द वापरतात, आणि तो 'एकुरी' म्हणजे घोड्यांची पागा हा आहे. इंजिन आले, घोडे गेले, तरी मोटारशर्यतीतील संघाला पागाच म्हटले जाते. तात्पर्य, फ्रेंचने वाहनास लघुत्व दिले व संघास पागेचे नाव ठेवले. मराठीने वाहनास जुना 'छकडा' हा शब्द दिला व संघास 'गाड्याचा' मोठेपणा बहाल केला. दोन्ही भाषांना वाहन व संघ यांत भेद करण्याची गरज भासली, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

३. रॅली आणि शर्यत

'रॅली' हा शब्द फ्रेंच 'रालिए' या धातूपासून आला. त्याचा अर्थ 'पांगलेल्यांना पुन्हा एकत्र करणे'. १९११ साली सुरू झालेल्या मोन्ते-कार्लो रॅलीत स्पर्धक युरोपातील निरनिराळ्या शहरांतून निघून मोनाको येथे एकत्र येत. म्हणून ते नाव सार्थ होते. कालांतराने एकत्र येण्याचा भाग गौण होऊन रस्त्यांच्या ठराविक तुकड्यांवर घड्याळाविरुद्ध धावणे हाच मुख्य भाग झाला. शब्द राहिला, अर्थ सरकला.

मराठीत मात्र हा शब्द इंग्रजीतून आला तो राजकीय सभा व मिरवणूक या अर्थाने. 'दुचाकी रॅली' म्हटल्यावर झेंडे लावून निघालेला जमाव आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. एकत्र जमण्याचा मूळ अर्थ अशा रीतीने मराठी प्रयोगात अधिक शाबूत आहे, आणि 'रॅली-शैलीची मोटार' या प्रयोगाने मराठी वाचकाची दिशाभूल होण्याचा संभवही म्हणूनच अधिक आहे.

'शर्यत' या शब्दाचा इतिहास याहूनही उद्बोधक आहे. अरबी 'शर्त' म्हणजे अट, हे त्याचे मूळ. अटीवरून पैज व पैजेवरून चढाओढीची धाव असा अर्थविस्तार झाला. कोणतीही शर्यत अटींशिवाय संभवत नाही, हे सत्य या शब्दाने नकळत जपून ठेवले आहे. मोटारस्पर्धेत वाहनास प्रवेश मिळण्यापूर्वी त्याचा नमुना मान्य करून घ्यावा लागतो. त्या मान्यतेस 'होमोलोगेशन' म्हणतात, आणि त्यातील ग्रीक धातूचा अर्थ 'एकवाक्यता होणे, कबूल करणे' असा आहे. अरबी शर्त आणि ग्रीक कबुली यांचा आशय एकच. बैलगाडा शर्यतीच्या बाबतीत तर हा आशय न्यायालयातच उघड झाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजीच्या निर्णयाने या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींस अनुमती दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. प्राण्यांना क्लेश होऊ नयेत यासाठी घातलेल्या अटी पाळल्या तरच शर्यत, असा याचा मथितार्थ. शर्यत पुन्हा शर्तीवर येऊन ठेपली.

रॅलीचे स्वरूप समजून घेण्यास पुणे जिल्ह्यातील पद्धत अधिक उपयोगी पडते. सांगली-सातारा भागात अनेक गाड्या एकाच वेळी शेजारीशेजारी धावतात. मोटारींच्या बंदिस्त धावपट्टीवरील शर्यतीशी त्याचे साम्य आहे. जुन्नर-आंबेगावात चढाच्या आखलेल्या मार्गास 'घाट' म्हणतात. त्यावर प्रत्येक गाडा एकटाच धावतो. त्या धावेस 'बारी' म्हणतात आणि निकाल सेकंदांत लागतो. सर्वांत कमी वेळ घेणाऱ्यास 'घाटाचा राजा' हा मान मिळतो. प्रतिस्पर्धी शेजारी नाही. तो घड्याळात आहे. रॅलीतही गाड्या ठराविक अंतराने एकेक सुटतात. तेव्हा रॅलीतील रस्त्याच्या अशा एका तुकड्यावरील धावेस मराठीत 'बारी' म्हणावयास हरकत नसावी. हा शब्द तयार आहे, अचूक आहे, आणि वापरात आहे.

४. विंटेज

'विंटेज' या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी द्राक्षांच्या हंगामाचा अर्थ असलेला जुना फ्रेंच शब्द आहे. अमुक वर्षीच्या द्राक्षांची मदिरा, असा त्याचा प्रथम अर्थ. म्हणजे हा शब्द जुनेपणापेक्षा वर्षाची निश्चिती सांगतो. मोटारींच्या क्षेत्रात इंग्लंडमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या विंटेज स्पोर्ट्स-कार क्लबाच्या परिभाषेत १९१९ ते १९३० या काळातील गाड्याच 'विंटेज' होत. या व्याख्येप्रमाणे ए-११० विंटेज ठरत नाही. फ्रान्समध्ये अशा वाहनास कायद्याने 'संग्रहाचे वाहन' म्हणतात, व त्यासाठी किमान तीस वर्षांचे वय, उत्पादन बंद झालेले असणे आणि मूळ स्थितीत जतन या अटी आहेत.

भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी भर पडली, तीनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी व चारचाकी वाहने 'विंटेज' ठरतात. त्यांच्या नोंदणी क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. या व्याख्येत वर्षे मोजली जातात, युग मोजले जात नाही. परिणामी १९७३ साली प्रथम नोंदलेली मोटार २०२२ साली 'विंटेज' नव्हती व २०२३ साली झाली. दरम्यान तिच्या एका खिळ्यातही फरक पडला नाही. परंतु नियमाची दुसरी अट येथे अधिक महत्त्वाची आहे. वाहन मूळ रूपात राखलेले असावे व त्याची चासी, कवच अथवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, असे नियम सांगतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने ठरविलेल्या मूळ स्वरूपात बदल करण्यास प्रतिबंध असून जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काटेकोरपणे लागू केला. निष्कर्ष असा की, आपल्या कायद्याच्या भाषेत 'विंटेज' आणि 'इंजिन बदलून पुनर्घडलेली' ही दोन विशेषणे एकाच वाहनास एकाच वेळी लावता येत नाहीत. आरंभी दिलेला सुबोध शब्दसमूह येथे स्वतःचाच छेद करतो.

५. दुरुस्ती ते प्रतिकृती

हा विरोध परिहारणीय आहे काय? त्यासाठी 'पुनर्घडण' या एका शब्दाखाली दडलेल्या निरनिराळ्या क्रिया वेगळ्या केल्या पाहिजेत. मोडलेला भाग पूर्ववत चालता करणे ही दुरुस्ती. झिजलेली वस्तू तिच्या स्वतःच्या पूर्वरूपास नेणे हा जीर्णोद्धार. वस्तूस तिचे स्वतःचे नसलेले, पण तिच्या जातीतील दुसऱ्या वस्तूचे रूप देणे ही पुनर्घडण. आणि मूळ वस्तूचा अंशही न घेता तिच्यासारखी वस्तू बनविणे ही प्रतिकृती. साधी ए-११० घेऊन तिला १९७३ च्या विजयी गाडीचे रूप दिले, तर ती तिसऱ्या वर्गात पडते. ती खोटी नाही, कारण गाडी ए-११० आहेच. परंतु ती 'मोन्ते-कार्लोची गाडी'ही नाही.

हा भेद ग्रंथसंपादनाच्या अभ्यासकांस परिचित आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढे कोणी तीत स्वतःची ओवी घालू नये असा इशारा शेवटी दिला. भ्रष्ट पाठ काढून ग्रंथास त्याच्या पूर्वरूपाकडे नेणे, हा जीर्णोद्धाराचा हेतू होय. आपली ओवी ज्ञानेश्वरांच्या नावावर घालणारा लेखक मात्र वाईट कवी असेलच असे नाही. त्याचा दोष एवढाच की त्याने आपली भर निराळी ओळखू येईल अशी ठेवली नाही. आधुनिक संपादक म्हणूनच आपला पाठ कंसात देतो व पाठभेद तळाशी नोंदवितो.

वाहनांच्या क्षेत्रातही हाच विवेक आता मान्य झाला आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेली ट्यूरिन सनद जतन, दुरुस्ती व जीर्णोद्धार यांत भेद करते, आणि नव्याने घातलेल्या भागांवर ओळखीची खूण असावी अशी शिफारस करते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाची ऐतिहासिक स्पर्धांची नियमावली वेगळ्या दिशेने जाते. तेथे वाहनास एक तांत्रिक पारपत्र दिले जाते व त्यात पाहिले जाते ते इतकेच की, गाडीची घडण त्या काळी मान्य असलेल्या नमुन्याबरहुकूम आहे किंवा नाही. ही विशिष्ट गाडी त्या काळी धावली होती काय, हा प्रश्न त्या पारपत्राच्या कक्षेत येत नाही. सनद व्यक्तीचे सत्य जपते. स्पर्धेची नियमावली जातीचे सत्य जपते. आपला नोंदणीचा नियम मूळ रूपाचे सत्य मागतो. तिघांचाही शब्द 'अस्सल' हाच असतो, पण तिघांच्या मनातील अर्थ भिन्न असतो. वाद होतात ते बहुधा यामुळेच.

६. परिभाषेविषयी सूचना

वरील विवेचनावरून परिभाषेसंबंधी तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, 'विंटेज' हा शब्द मराठी लेखनात वापरताना तो कोणत्या व्याख्येने वापरला हे सांगावे, व शक्य तेथे वाहनाचे वर्षच द्यावे. द्राक्षांच्या हंगामाशी इमान राखणारा प्रयोग तोच. दुसरी, 'दुरुस्ती', 'जीर्णोद्धार', 'पुनर्घडण' व 'प्रतिकृती' हे चार शब्द परस्परांऐवजी वापरू नयेत. 'पुनर्घडण' म्हणताना कशाची, कशासारखी आणि केव्हा, ही तिन्ही उत्तरे सोबत असावीत. तिसरी, रॅली-शर्यतीसाठी नवे शब्द बनविण्याआधी आपल्या घाटांवरील भाषा ऐकावी. तेथे वाहनासाठी छकडा, संघासाठी गाडा, धावेसाठी बारी व मार्गासाठी घाट अशी नेटकी विभागणी अगोदरच झालेली आहे.

या अखेरच्या मुद्द्यासंबंधी क्षेत्रीय अभ्यास व्हावयास पाहिजे. शर्यती बंद होत्या त्या काळात येथील एक पिढी घाटाविना वाढली. तिच्या तोंडी यांपैकी कोणते शब्द राहिले, कोणते गळाले व कोणते समालोचकाच्या ध्वनिक्षेपकावरून नव्याने आले, हे ऐकून टिपून ठेवण्यास हाच काळ योग्य आहे. कारण जुने शब्द व्यवहारात वापरलेली माणसे आणि नव्याने शिकणारी मुले आज एकाच घाटावर उभी आहेत. विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेतल्यास छकड्यापासून चासीपर्यंतच्या मराठी शब्दसंग्रहात मोलाची भर पडेल.